तुझे हत्ती, माझे घोडे

सुमेध,

आधीच सांगते, अक्षराला हसू नको. शुद्धलेखनही चुकणार आहे, तेही माफ कर. चौथीनंतर मी पेन धरला तो फक्त विडी कारखान्याच्या पुस्तकावर सही करायला. ही तुझीच लांब वही आहे. पुढच्या पानांवर तुझे आकडे आहेत, त्यांना मी धक्का लावलेला नाही. मागची पानं कोरी होती, तिथून लिहिते. माझी ओळ सरळ जात नाही, वर चढते. तू असतास तर म्हणाला असतास, "ताई, तुह्या ओळी डोंगर चढून राहिल्या वो."

तुला जाऊन दोन महिने झाले. लोक मायजवळ येऊन बसतात, तुझं वय सांगतात, सिकलचा आजार सांगतात, किती बाटल्या रक्त चढवलं ते सांगतात. मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. तू होतास तेव्हा ती सांगायला माझ्याजवळ पुष्कळ दिवस होते. पण ती एकदम लिहिता येत नाही. आधी खेळाबद्दल लिहिते, तोवर हात मोकळा होईल.

गोंदियातला एक कॉम्प्युटर क्लास बंद पडला तेव्हा तिथला जुना कॉम्प्युटर तू घेऊन आलास. टीव्हीसारखा जड पडदा मांडीवर घेऊन बसमध्ये बसलास आणि घरी आल्यावर दोन दिवस पाय धरून झोपलास. त्याच्यासोबत एक सीडी होती. जुन्या काळच्या लढायांचा खेळ. भाले, रथ, हत्ती, घोडे. बंदूक कुठंच नाही. पाच राज्यांतलं एक निवडायचं, शेती करायची, धान्य साठवायचं, सैन्य उभं करायचं आणि दुसऱ्याचा किल्ला घ्यायचा. आपण पाचही करून पाहिली, पण अडकलो दोनच राज्यांत. तुझे हत्ती, माझे घोडे. कॉम्प्युटर एकच, म्हणून एक चाल तुझी, एक माझी. तुझी चाल चालू असताना मी सुपावर विड्या वळायची. माझी आली की पदराला हात पुसून माऊस धरायची. पांढरा माऊस महिनाभरात तंबाखूच्या रंगाचा झाला. तू नाकाशी नेऊन म्हणालास, "ह्याले आता माचीस लावली तं धूर निघन."

मग एक दिवस तू पडद्यावर एक पान उघडलंस. त्यात चित्र नव्हतं, नुसते आकडे.

"हे पाह्य ताई. हत्ती किती धान्य खाते, किती मार सहन करते, घोडा एका चालीत किती घरं जाते, सारं इथं लिहून आहे. हे बदललं की खेळ बदलते."

"मंग कायले बदलवतेस? चांगला चालून राहिला खेळ."

"कुठं चांगला? हत्तीवालाच जिंकून राहिला दरवेळी."

"तं सगळ्यांनी हत्ती घ्यावा."

तू कपाळाला हात लावलास. "तसं नाही वो. खेळून हरला तं हरला. पण बसल्याबसल्या हरलेला कोणी नको. राज्य निवडलं तेव्हाच हरला, तं मंग खेळाले काय अर्थ?"

मी तेव्हा तुझ्या पायांकडे पाहिलं. गुडघे सुजलेले होते. तुझं सिकल पूर्ण, माझं अर्धं, रक्तात असून त्रास न देणारं. एकाच मायबापाची दोघं, कोणाच्या वाट्याला काय यावं याला कोणी तोल लावला नव्हता. 

त्या दिवसापासून तू खेळाचा तोल करायला घेतलास. एखादा आकडा बदलायचास, माझ्यासोबत डाव खेळायचास, कोण जिंकलं ते या वहीत लिहायचास, परत बदलायचास. पावसाळा गेला, दिवाळी गेली. मी हजार विड्या वळायची तेवढ्या वेळात आपले दोन डाव होत. आणि दरवेळी मी हरायची.

आता सांगते. मी मुद्दाम हरायची.

पहिले काही दिवस खरंच हरले, मला काही कळत नव्हतं. पण विडी वळणाऱ्या बाईला तू काय समजलास? एका पानातून किती निघतील, कुठला तुकडा वाया जाईल, हे आम्ही कात्री लावायच्या आधी पाहतो. महिन्याभरात मला कळलं होतं की घोडे हत्तीसमोर न्यायचे नसतात. नदीकडून वळसा घालून मागून न्यायचे आणि आधी धान्याचं कोठार जाळायचं. हत्ती मारावाच लागत नाही, उपाशी पडतो. तरी मी घोडे रांगेत उभे करून तुझ्या सोंडांसमोर सोडायची. नाहीतर कोठाराजवळ बांधून ठेवायची. तू हसायचास, "अवो ताई, घोडे का पोळ्याले पुजून राहिली?"

का हरायची, ते तुला आठवणार नाही, कारण तू लहान होतास. तू झालास तेव्हा मी चौथीत होते. माय धानाच्या रोवणीला जायची आणि तू माझ्या कडेवर असायचास. म्हणून पाचवीत नाव घातलं नाही. याचं मला तुझ्यावर कधी वाईट वाटलं नाही असं लिहिलं तर खोटं होईल. वाटलं. पण तू हातपाय दुखून रडायला लागलास की ते वाईट वाटणं कुठं जायचं कळत नसे. मी तुझ्यासोबत चिंचोके खेळायची. तू जिंकलास की रडणं थांबायचं. दोन चिंचोके जास्त आले की दुखणारा हात वर करून नाचायचास. एकदा मी जिंकले तर मायनं मला बाजूला घेतलं. "जिंकू दे वो त्याले. तुले काय कमी आहे?" मी तेरा-चौदा वर्षांची होते. तेव्हापासून तुझ्यासमोर जिंकायचं नाही, हे माझ्या हातातच बसलं. कॉम्प्युटर आला तरी हात तोच होता. तू औषध घेऊन खाटेवर बसायचास, हत्ती माझ्या किल्ल्यात घुसायचे, आणि तेवढ्यापुरता तुझा चेहरा मोकळा व्हायचा. मला तो चेहरा पाहिजे होता. खेळाचा तोल मला कशाला पाहिजे होता?

आणखी एक सांगते. तू मायसोबत रक्त चढवायला गोंदियाला गेला होतास, तेव्हा मी दुपारी एकटी कॉम्प्युटरसमोर बसले. तू तोवर आकड्यांना फारसा हात लावला नव्हतास. मी दोन्हीकडून खेळले, हत्तीकडूनही मीच, घोड्यांकडूनही मीच, आणि दोन्हीकडून जीव लावून. एक डाव घोडे जिंकले. दुसरा हत्ती जिंकले, तेही शेवटच्या चालीला. तिसरा मांडला तर भारनियमनाची वेळ झाली, लाइट गेली आणि पडदा काळा झाला. मला तेव्हाच कळलं होतं की तुझा खेळ आधीपासून बरोबर आहे. खोट माझ्यात होती. तू घरी आलास, विचारलंस, "काय केलं दिवसभर?" मी म्हटलं, "विड्या."

मी गप्प राहिले आणि तू माझ्या हरण्यावर खेळ बांधत गेलास. हत्ती महाग केलास, हळू केलास, त्याचा मार कमी केलास. घोड्यांना घरं वाढवून दिलीस. मी आणखी वाईट खेळायला लागले. घोडे एवढे चपळ झाले की हरायलाही डोकं लावावं लागायचं.

मग गोंदियाच्या सायबर कॅफेवाल्या भैयानं तुला स्पर्धा घ्यायला सांगितलं. "तेरा वाला गेम लगा देते हैं. लड़कों को जमा, तो कल से काउंटर पे तू ही बैठ." बसून करायचं काम, पंख्याखाली. तुझ्यासारख्याला असं काम दुसरं कुठं मिळणार होतं? तू सोळा पोरं जमवलीस. आमगावची, सालेकशाची, एक देवरीचा. प्रत्येकाकडून पन्नास रुपये घेतलेस आणि सोळा नावं या वहीत लिहिलीस. त्या दिवशी तू इस्त्रीचा शर्ट घातला होतास. मला म्हणालास, "तू चाल. तू तं अर्धा खेळ बनवला."

मी दाराजवळ चपलांच्या बाजूला स्टुलावर बसले, मांडीवर तुझा डबा आणि गोळ्या. एवढी अनोळखी पोरं मी कधी एका खोलीत पाहिली नव्हती. पडद्याकडे पाहिलं नाही, पण आवाजावरून कळत होतं. पहिलाच डाव देवरीच्या खेमराजचा होता. त्यानं हत्ती घेतले. समोरच्या गुड्डू नावाच्या पोरानं घोडे घेतले आणि नदीकडून वळसा घातला. चहा येईपर्यंत खेमराज संपला होता. दुसऱ्या मशीनवर तेच, तिसऱ्यावर तेच. मग सगळ्यांना घोडेच पाहिजे. हत्ती कोणी घेईना. ढकलाढकली सुरू झाली.

"अबे, ये हाथी है कि बकरी?" गुड्डू ओरडला. सगळे हसले. "किसके साथ टेस्ट किया बे तूने?"

कोणीतरी मागून म्हणालं, "वो बैठी है ना, उसकी दीदी के साथ!"

ते सगळे वळून माझ्याकडे पाहायला लागले. सुमेध, तेव्हा मला एक वाक्य बोलायचं होतं. खेळ चांगला आहे, मी मुद्दाम हरत होते. एवढंच. मी उठून म्हटलं असतं तर तू घरी जाऊन जुने आकडे परत टाकले असतेस, आठ दिवसांनी पुन्हा स्पर्धा घेतली असतीस.  मी डब्याचं झाकण घट्ट करत बसले. आणि तू माझ्याकडे न पाहता म्हणालास, "नहीं. अकेले किया."

भैयानं मशीनचं दिवसभराचं भाडं त्याच पैशातून कापून घेतलं. कामाचा विषय त्यानं काढला नाही, तूही नाही. ज्यांनी आवाज केला त्यांना तू तिथंच पन्नास पन्नास परत दिलेस. सातजण गप्प निघून गेले होते, आणि तोवर तुझ्याजवळ बसच्या तिकिटाएवढेच उरले होते.

बसमध्ये तू खिडकीकडे तोंड करून बसलास. खूप वेळानं विचारलंस, "ताई, त्या पोरानं मागून घोडे नेले, पाहिलं ना? तुले कधीच नाही सुचलं वो?"

मी म्हटलं, "नाही सुचलं."

 मग म्हणालास, "माहंच चुकलं. मी तुले नीट शिकवलंच नाही."

मला मारलं असतंस तर बरं झालं असतं.  म्हटलं, घरी गेल्यावर सांगू. घरी गेल्यावर म्हटलं, त्याचं दुखणं कमी झालं की सांगू.

पौषाची थंडी होती, आणि सिकलला थंडी सोसत नाही. तू सायकल काढलीस. राहिलेल्या सातजणांचे पैसे द्यायचे म्हणून मी वळलेल्या विड्यांचे पैसे तू मागून घेतलेस. मी म्हटलं, "ऊन वाढलं की जा. नाहीतर बसनं जा." तू म्हणालास, "त्याहीले हरवलं मी बसल्याबसल्या. त्याहीचे पैसे कायले ठेवू?" दोन दिवस तू गावोगाव फिरलास. दुसऱ्या दिवशी परत आलास तेव्हा ओठ काळे पडले होते आणि हँडलवरची बोटं उघडत नव्हती. मी ती एकेक करून सोडवली. "चार झाले," तू म्हणालास, "तीन राहिले." मग छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात पाचव्या दिवशी तू गेलास.

थंडीनं गेला असं माय म्हणते. सिकलनं गेला असं सगळे म्हणतात. मी मागे मागे जात बसते. थंडीत गेलास पैसे द्यायला, पैसे द्यायचे होते स्पर्धा मोडली म्हणून, स्पर्धा मोडली घोडे फार भारी झाले म्हणून, आणि घोडे भारी झाले मी हरत राहिले म्हणून. दरवेळी मी तिथंच येऊन पोहोचते. मायला हे सांगितलं नाही. जिंकू दे म्हणणारी तीच होती, तिला आणखी काय सांगू?

तुझं पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले, तेव्हा तीन नावं शोधायला मी ही वही उघडली. मला वाचायला वेळ लागतो. बोट ठेवून वाचत गेले. "हत्तीचं धान्य वाढवलं. ताई हरली." "घोड्याला एक घर जास्त. ताई हरली." पानंच्या पानं तेच. आणि स्पर्धेच्या थोडं आधी, कोपऱ्यात, बारीक अक्षरात: "जुने आकडेच बरोबर होते असं वाटते. पण ताई एकदाही जिंकली नाही. जिथं ताई जिंकत नाही तो तोल कसला? अजून थोडं वाढवतो."

मला रडू आलं नाही, राग आला. अजून आहे. तुला कळलं होतं! मग सोळा पोरांसमोर तो खेळ काऊन नेलास? मी एवढी कमी वाटले तुला, की सगळं जग माझ्या मापानं कापलंस? आणि जे तुला दिसलं ते मला एकदा तरी विचारायचं होतंस, "ताई, तू खरी खेळून राहिली ना?" तू विचारलं असतंस तर मी खोटं बोलले असते, हेही खरं आहे. पण विचारायचं होतंस. हे भांडण आता मी एकटीच करते. विड्या वळताना दोन्हीकडून मीच बोलते, तुझ्या वाटचंही. तुझ्या वाटचं बोलताना बहुतेक वेळा तूच जिंकतोस.

त्या ओळीवर मी पुन्हा पुन्हा बोट ठेवते. मी जिंकावं म्हणून आजवर कोणी काही हलवलं नव्हतं. दोन ठिकाणचे पाहुणे पाहून गेले, अर्धं सिकल ऐकून परत आले नाहीत. शाळा सुटली तेव्हा गुरुजी एकदा घरी आले आणि चहा पिऊन गेले. तू मात्र पाच राज्यांचं जग माझ्या बाजूनं कलतं करून ठेवलंस, आणि मी त्यातही हरून दाखवलं.

तीनपैकी दोघं जवळच्याच गावचे होते. त्यांच्या घरी जाऊन पैसे दिले. दोन्हीकडे बायाच भेटल्या, मी नोट दिली आणि निघाले. मुद्दाम हरत होते, हे वाक्य तिथंही बोलले नाही.

शेवटचा खेमराज. काल सकाळी मी देवरीची बस धरली. तो आता काळीपिवळी चालवतो. स्टँडसमोर गाडी लावून सीट भरायची वाट पाहत होता. "चला आमगाव, आमगाव! बसा मावशी, निघूनच राहिलो."

मी म्हटलं, "मले नाही जायाचं. मी सुमेधची बहीण."

त्यानं लगेच खाली उतरून हात पुसले. त्याला कळलेलं होतं. मी पन्नासची नोट पुढं केली तर म्हणाला, "राहू दे ना ताई. तो पोरगाच नाही राहिला, तं पैसे काय घेऊ?"

"त्याच्या वहीत तुहं नाव आहे. घ्या लागन."

"मी तं दहा मिनिटांत हरलो. मले कायचे पैसे?" तो हसला, पण नीट हसला नाही. "त्या दिवसापासून खेळलो नाही मी. गुड्डू अजून चिडवते, हाथीवाला आला म्हणते. मले वाटलं, मलेच येत नाही."

गाडीत चार बाया बसलेल्या होत्या, एक म्हातारा होता, सगळे ऐकत होते.  मी म्हटलं, "तुले येत होतं. हत्तीच कमजोर होते. मी घोडे घेऊन मुद्दाम हरत होती त्याच्याशी. रोज. त्याले खुश ठेवाले. म्हणून त्यानं हत्तीची ताकद काढली. त्याची चूक नव्हती, तुहीबी नव्हती. माही होती."

 मागून एक बाई म्हणाली, "काऊन गा, गाडी निघते का आता?" खेमराजनं तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

"म्हणजे जुने हत्ती बरोबर होते?"

"हाव. शेवटच्या चालीवर जात होता डाव. मी खेळून पाहिला."

"जुनी सीडी आहे?"

"आहे. घरी आहे."

"मंग येतो एक दिवस," तो म्हणाला. "तुम्ही घोडे घ्या. पण खरं खेळा लागन ताई."

मी हो म्हटलं. येईल का नाही, माहीत नाही. मायला कॉम्प्युटर विकायचा आहे, तिला तो डोळ्यासमोर नको. तो येऊन जाईपर्यंत ठेव म्हणून मी तिला सांगणार आहे.

मी पिशवीतून ही वही काढली आणि त्याचं नाव त्यालाच खोडायला दिलं. त्यानं गाडीच्या बोनेटवर ठेवून एक सरळ रेघ मारली. पन्नासची नोट घडी करून वरच्या खिशात घातली आणि गाडीत बसला. सोळाही नावांवर आता रेघ आहे. पूर्ण झाले, सुमेध. कोणाचे पैसे राहिले नाहीत.